एलईडी दिव्यांची पारख : पंचवीस हजार तासांचा हिशेब

पावसाळ्याच्या तोंडावर पनवेल परिसरातील गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत एक विषय हटकून निघतो, तो म्हणजे जिन्यातले, वाहनतळातले आणि आवारातले दिवे बदलण्याचा. वर्ष-दीड वर्षापूर्वी बसवलेले एलईडी दिवे एकामागून एक गेलेले असतात. काही लुकलुकत असतात, तर काही इतके मंदावलेले असतात की ते चालू आहेत की बंद, हे जवळ जाऊन पाहावे लागते. खोक्यावर मात्र ‘आयुष्य २५,००० तास’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. रोज रात्रीचे बारा तास धरले तर वर्षाचे ४,३८० तास होतात आणि २५,००० तासांचे आयुष्य साडेपाच वर्षांहून अधिक भरते. मग दिवा दीड वर्षात का जातो? दुकानदार व्होल्टेजकडे बोट दाखवतो, वायरमन ‘माल हलका होता’ म्हणतो आणि संस्थेची समिती पुन्हा सर्वांत कमी दराचे पत्रक मंजूर करून मोकळी होते.

दुकानदार आणि वायरमन या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. परंतु दोघेही दिव्याच्या आत डोकावून पाहत नाहीत. एलईडी दिव्याचा दर्जा ओळखण्यासाठी विजेचे शास्त्र शिकण्याची गरज नाही. दिव्यात नेमके काय बिघडते आणि खोक्यावरील कोणता आकडा कशाची ग्वाही देतो, एवढे समजले तरी निम्म्याहून अधिक काम होते.

चिप टिकते, दिवा जातो

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा अर्धवाहक डायोड. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा डायोड अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. घरातील दिव्यासाठी पांढरा प्रकाश हवा होता आणि त्याकरिता निळ्या प्रकाशाचा प्रभावी डायोड आवश्यक होता. तो साध्य व्हायला १९९० चे दशक उजाडले. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा पांढरा एलईडी म्हणजे बहुतांशी निळी चिपच असते. तिच्यावरील पिवळ्या फॉस्फरच्या थरामुळे तिचा प्रकाश पांढरा दिसतो.

ही चिप मोठी चिवट असते. योग्य तापमानात आणि योग्य विद्युतप्रवाहावर ठेवली तर ती एकाएकी बंद पडत नाही. तिचा प्रकाश हळूहळू कमी होत जातो. मात्र बाजारात विकत मिळते ती नुसती चिप नसते. दिव्यात चिपा बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, उष्णता बाहेर टाकणारे अंग असते, वरचे आवरण असते आणि २३० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाचे चिपांना मानवेल अशा स्थिर प्रवाहात रूपांतर करणारी छोटी विद्युतमंडल-पट्टी, म्हणजे ड्रायव्हर असतो. दिवा गेला की बहुतेक वेळा दोष यांपैकी दोहोंत सापडतो : ड्रायव्हरमध्ये किंवा उष्णतेच्या निचऱ्यात.

जुन्या पिवळ्या बल्बशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. त्या बल्बमध्ये विजेचा जेमतेम पाच टक्के भाग प्रकाश होई आणि उरलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने काचेतून बाहेर पडे. तार तापलेली असणे हेच त्याचे काम होते. एलईडी विजेचा बराच मोठा भाग प्रकाशात बदलतो, परंतु उरलेली उष्णता किरणरूपाने बाहेर जात नाही. ती चिपेमागच्या धातूतूनच वाहून न्यावी लागते. तो मार्ग अरुंद असला की उष्णता चिपेत आणि शेजारच्या ड्रायव्हरमध्ये साठते. हलक्या दिव्यात पैसा वाचवला जातो तो नेमका या धातूत.

ड्रायव्हरमधील सर्वांत नाजूक घटक म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यातील द्रव उष्णतेने हळूहळू सुकत जातो. तापमान दर दहा अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. १०५ अंशांना ५,००० तास टिकेल असा कपॅसिटर ८५ अंशांवर सुमारे २०,००० तास आणि ७५ अंशांवर ४०,००० तास काढू शकतो. त्याच्या जागी ८५ अंशांना २,००० तासांचा स्वस्त कपॅसिटर बसवला आणि दिवा आतून ८५ अंशांपर्यंत तापला, तर २,००० तास हीच त्या दिव्याची मर्यादा ठरते. बारा तासांच्या हिशेबाने हे सहा महिनेही भरत नाहीत. अशा दिव्यात चिप कितीही नामांकित असली तरी खोक्यावरील २५,००० तासांना काही अर्थ उरत नाही.

‘२५,००० तास’ म्हणजे काय?

हा आकडा अनेकांना प्रत्यक्ष चाचणीचा निष्कर्ष वाटतो. २५,००० तास म्हणजे अखंड जळण्याची जवळजवळ तीन वर्षे आणि ५०,००० तास म्हणजे सुमारे पावणेसहा वर्षे. एवढा काळ चाचणी घेत बसले तर ती संपेपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलेले असेल. म्हणून प्रत्यक्षात पद्धत वेगळी असते. चिपा ठरावीक तापमानांवर किमान ६,००० तास, म्हणजे २५० दिवस जाळतात, प्रकाश किती घटला याच्या नोंदी ठेवतात आणि त्यावरून पुढील घसरणीचा अंदाज बांधतात. एलएम-८० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीशी समकक्ष असे भारतीय मानक आयएस १६१०५ आहे. अंदाज किती लांबवायचा यालाही मर्यादा आहे. टीएम-२१ या प्रचलित पद्धतीनुसार पुरेसे नमुने तपासले असतील तर चाचणीच्या काळाच्या जास्तीत जास्त सहा पट, म्हणजे ६,००० तासांवरून ३६,००० तासांपर्यंतच दावा करता येतो.

येथे ग्राहकाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, हे आयुष्य दिवा बंद पडेपर्यंतचे नसते. प्रकाश मूळ प्रकाशाच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असते. त्या क्षणी दिवा चालूच असतो, पण त्याने तीस टक्के प्रकाश गमावलेला असतो. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, ही चाचणी चिपेची असते; संपूर्ण दिव्याची नव्हे. ड्रायव्हर किती टिकेल, सांधे किती काळ धरतील, पाणी आत शिरेल का, याविषयी ती काहीही सांगत नाही. चिपेचा अंदाज दिव्याच्या खोक्यावर छापणे हा या व्यवसायातील सर्वांत सर्रास होणारा गोंधळ आहे.

हमीच्या मुदतीतही अशीच मेख असते. दोन वर्षांची हमी म्हटले की ती किती वापरासाठी, हे बारीक अक्षरांत दडलेले असू शकते. घरगुती दिवा रोज चार-पाच तास लागेल असे गृहीत धरलेले असेल, तर जिन्यात रोज बारा तास जळणाऱ्या दिव्याबाबत उत्पादक हात वर करू शकतो. संस्थेने दिवे घेताना हमी महिन्यांत आणि रोजच्या वापराच्या तासांत, दोन्ही प्रकारे लिहून घ्यावी.

खोक्यावरील खुणा

भारतात एलईडी दिव्याच्या खोक्यावर दोन शासकीय खुणा पाहाव्या लागतात आणि त्यांचे अर्थ निरनिराळे आहेत.

पहिली खूण भारतीय मानक ब्यूरोची. इलेक्ट्रॉनिक व माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला आणि २०१४ च्या अधिसूचनेने एलईडी दिवे व त्यांचे ड्रायव्हर त्याच्या कक्षेत आले. त्यामुळे होल्डरमध्ये बसणाऱ्या बल्बवर आयएस १६१०२ हे मानक, ब्यूरोचे चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक असला पाहिजे. छतात किंवा भिंतीत बसणाऱ्या जोडण्यांसाठी आयएस १०३२२ मालिकेतील मानके लागू होतात. हा क्रमांक खरा आहे की नुसता छापलेला, हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर मिनिटभरात पाहता येते. क्रमांक टाकल्यावर उत्पादकाचे नाव आणि नोंदणीची स्थिती दिसते. नाव खोक्यावरील नावाशी जुळले नाही, वा नोंदणी संपलेली दिसली, तर तो दिवा घेऊ नये.

मात्र या क्रमांकाचा अर्थ मर्यादित आहे. आयएस १६१०२ चा पहिला भाग सुरक्षिततेचा आहे. स्पर्शाने विजेचा धक्का बसू नये, आवरण पेटू नये, टोपी सैल होऊन निघू नये, अशा बाबी त्यात तपासल्या जातात. प्रकाश आणि टिकाऊपणा यांविषयीचा भाग दुसरा आहे. शिवाय ही नोंदणी उत्पादकाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून केलेल्या स्वयंघोषणेवर चालते. प्रत्येक दिवा कोणी तपासत नाही. थोडक्यात, ‘आर’ क्रमांक नसलेला दिवा घरात आणू नये हे खरे. पण तो असला म्हणजे दिवा पाच वर्षे टिकेल असे मुळीच नाही.

दुसरी खूण ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ताऱ्यांची. एलईडी दिव्यांसाठी हे तारांकन जानेवारी २०१८ पासून सक्तीचे झाले. दर वॅटमागे किती लुमेन प्रकाश मिळतो, हा त्याचा निकष. सुरक्षितता सांगणारा क्रमांक आणि कार्यक्षमता सांगणारे तारे या दोहोंमध्ये टिकाऊपणाची थेट ग्वाही कोठेच येत नाही. ती उत्पादकाच्या लेखी हमीतून आणि बांधणीच्या दर्जातूनच शोधावी लागते.

वॅट नव्हे, लुमेन

‘किती वॅटचा बल्ब हवा?’ हा दुकानातील पहिला प्रश्न जुन्या काळाचा आहे. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. मिळालेला प्रकाश लुमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० लुमेन प्रकाश देई. नऊ वॅटचा एक एलईडी दिवा दर वॅटला ७० लुमेनने ६३० लुमेन देईल, तर दुसरा ११० लुमेनने ९९० लुमेन देईल. दोन्ही खोक्यांवर ‘९ वॅट’ असेच असेल. ९०० लुमेनची गरज असेल तर पहिल्या जातीचा सुमारे १३ वॅटचा आणि दुसऱ्या जातीचा सुमारे ८ वॅटचा दिवा लागेल. रोज बारा तास जळणाऱ्या चाळीस दिव्यांच्या संस्थेत या फरकाची किंमत वर्षाला सुमारे ८०० युनिट होते. खरेदीत वाचवलेले पैसे असे वीजबिलात परत जातात.

त्यानंतर प्रकाशाच्या रंगछटेचा आकडा. तो केल्विनमध्ये असतो. २,७०० ते ३,००० केल्विन म्हणजे पिवळसर, ४,००० च्या आसपास मध्यम पांढरा आणि ६,५०० म्हणजे निळसर पांढरा. निळसर प्रकाश अधिक ‘लख्ख’ भासतो म्हणून आपल्याकडे त्याला मागणी जास्त. परंतु लख्ख भासणे म्हणजे दर्जा नव्हे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा ‘क्वीन्स नेकलेस’ची शोभा गेली म्हणून मोठे वादळ उठले आणि पुढे पुन्हा पिवळसर प्रकाशाकडे वळावे लागले. तो वाद दिवे चांगले की वाईट असा नव्हताच. जागेला शोभेल असा रंग निवडण्याचा होता. शयनगृहात व देवघरात उबदार छटा, स्वयंपाकघरात व अभ्यासाच्या टेबलावर मध्यम पांढरी, हा साधा विवेक पुरेसा आहे.

वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे दर्शवणारा निर्देशांक शंभरपैकी असतो. घरासाठी तो ८० किंवा अधिक असावा. तो कमी असला की टोमॅटो फिका आणि माणसाचा चेहरा आजारी दिसतो. चौथा आकडा पॉवर फॅक्टरचा. तो ०.९ किंवा त्याहून अधिक असणे हे बऱ्या ड्रायव्हरचे लक्षण आहे. केवळ एका कपॅसिटरच्या आधाराने दाब उतरवणाऱ्या अतिस्वस्त ड्रायव्हरमध्ये तो ०.५ च्या आसपासही असू शकतो. अशा रचनेत विजेच्या दाबातील प्रत्येक चढउतार थेट चिपांपर्यंत पोहोचतो.

पनवेलचे पाणी आणि वीज

एखादा दिवा कारखान्याच्या प्रयोगशाळेत टिकतो आणि खाडीकाठच्या इमारतीत टिकत नाही, याला कारणे आहेत. पहिले कारण उष्णता. नव्या सदनिकांमध्ये पीओपीच्या छतात दिवे बुजवण्याची पद्धत रूढ झाली आहे. वर स्लॅब, खाली पीओपी आणि मध्ये कोंडलेली हवा अशा पोकळीत उन्हाळ्यात दिव्याभोवतीचे तापमान खोलीपेक्षा बरेच अधिक असते. बंदिस्त काचेच्या गोळ्यात साधा बल्ब लावला तरी तेच होते. ‘बंदिस्त जोडणीत वापरू नये’ अशी सूचना काही खोक्यांवर असते. ती कोणी वाचत नाही.

दुसरे कारण ओलावा. पनवेलचा पावसाळा चार महिन्यांचा आणि खाडीची हवा खारट. कुंपणाच्या भिंतीवर किंवा गच्चीवर लावायच्या दिव्याला आयपी ६५ किंवा ६६ हा संरक्षण-दर्जा हवा. यातील पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत न जाणे, तर ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला आणि ६ म्हणजे जोरदार झोताला दाद न देणे. घरातील बल्ब पत्र्याच्या आडोशाला लावून ‘चालून जाईल’ म्हणणे म्हणजे पहिल्याच आडव्या पावसाला निमंत्रण. दर्जा उत्तम असला तरी केबल शिरते तेथील रबरी सील नीट आवळले नाही तर पाणी त्याच वाटेने आत जाते. औद्योगिक वसाहतींलगत हवेत गंधकाची संयुगे असतील तर चिपेखालचा चांदीचा परावर्तक थर काळवंडतो आणि दिवा मंदावतो. अशा ठिकाणी सीलबंद दिव्याला पर्याय नाही.

तिसरे कारण विजेचा दाब. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा तारांतून क्षणार्धाचे हजारो व्होल्टचे झटके येतात. ते शोषून घेणारा व्हॅरिस्टर हा काही रुपयांचा घटक चांगल्या ड्रायव्हरमध्ये असतो. हलक्या ड्रायव्हरमधून तो वगळलेला असतो. आवारातील आणि रस्त्याकडेच्या दिव्यांसाठी दहा किलोव्होल्टपर्यंतच्या झटक्याचे संरक्षण मागावे. त्यासाठी इमारतीचे अर्थिंगही धड असावे लागते.

याहून घातक प्रकार म्हणजे सैल झालेले न्यूट्रल. तीन फेजच्या इमारतीत मुख्य न्यूट्रल तुटले की काही सदनिकांत दाब कोसळतो आणि काहींत तो २३० व्होल्टवरून ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. अशा वेळी दिवे, पंखे, दूरचित्रवाणी संच एकाच वेळी जातात. एकाच रात्री एका जिन्यातील दहा दिवे गेले तर दिव्यांच्या दर्जावर खापर फोडण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रलची जोडणी तपासून घ्यावी. ती तशीच ठेवून नवे दिवे लावले तर तेही जातील आणि आगीचा धोका कायम राहील तो वेगळाच.

स्वस्त म्हणजे हलके असे नाही

वरील वर्णनावरून महाग दिवा तोच चांगला, असा निष्कर्ष निघू शकेल. पण तो बरोबर नाही. केंद्राच्या ‘उजाला’ योजनेचा अनुभव त्याच्या उलट आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली. २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. किंमत उतरली ती प्रचंड मागणी आणि खुली स्पर्धा यांमुळे. तांत्रिक अटी मात्र निविदेत लिहिलेल्या होत्या, पॉवर फॅक्टरसह, आणि बिघडलेला दिवा बदलून देण्याची हमी होती. म्हणजे स्वस्ताई वाईट नाही. अटींवाचूनची स्वस्ताई वाईट.

खुल्या बाजाराचे चित्र काय आहे, याची कल्पना २०१७ च्या एका पाहणीवरून येते. दिवे उत्पादकांच्या ‘एल्कोमा’ या संघटनेसाठी नील्सन या संस्थेने मुंबई, दिल्ली, अहमदाबाद व हैदराबाद येथील २०० दुकानांत ती केली. तीत एलईडी बल्बच्या ७६ टक्के आणि छतात बसणाऱ्या दिव्यांच्या ७१ टक्के ब्रँडमध्ये सुरक्षाविषयक निकषांचे पालन होत नसल्याचे आढळले. पाहणी मोठ्या उत्पादकांच्या संघटनेची, त्यामुळे तिच्यात त्यांचा हितसंबंध होता, हे विसरून चालणार नाही. तरीही नोंदणी क्रमांक नसणे किंवा उत्पादकाचे नाव-पत्ता नसणे, ही उणीव कोणत्याही ग्राहकाला उघड्या डोळ्यांनी दिसण्यासारखी आहे. लोहार चाळीसारख्या घाऊक बाजारातून सुट्या भागांचे संच आणून जुळवलेले बिननावाचे बल्ब उपनगरांतल्या दुकानांत पोहोचतात, ते याच वर्गात मोडतात.

घरच्या घरी चाचणी

काही चाचण्या कोणालाही करता येतात. दिवा लावून त्याच्यापुढे पेन्सिल वेगाने हलवावी. तिची सलग धूसर पट्टी दिसली तर प्रकाश स्थिर. सुट्यासुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर प्रकाश सेकंदाला शंभर वेळा थरथरतो आहे असे समजावे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास अशा दिव्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. पण कॅमेऱ्यागणिक फरक पडत असल्याने एकच कॅमेरा वापरून दोन दिव्यांची तुलना करणे अधिक योग्य. अशा थरथरीने काहींना डोळ्यांवर ताण येतो, डोके दुखते. अभ्यासाच्या दिव्यासाठी ही चाचणी चुकवू नये.

प्लगमध्ये खोचायचा छोटा वीजमापक मिळतो. त्यावर ‘९ वॅट’चा दिवा प्रत्यक्षात सहाच वॅट घेतो असे दिसले तर छापील लुमेनवरही विश्वास ठेवता येत नाही. मोजणी दिवा अर्धा तास चालू ठेवल्यानंतरच करावी, कारण तापल्यावर प्रकाश थोडा उतरतो. वजन हातात तोलून पाहण्याची रीत अगदीच निरर्थक नाही. धातू अधिक म्हणजे उष्णतेला वाट अधिक. परंतु तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. दिवा बंद करून काही वेळाने त्याची मान गरम लागली तर घाबरण्याचे कारण नाही. उष्णता आत कोंडण्यापेक्षा बाहेर येणे बरे.

या चाचण्या आजचा दिवा कसा आहे हे सांगतात. दोन वर्षांनंतरचा सांगत नाहीत. म्हणून मोठ्या खरेदीपूर्वी चार-सहा नमुने घेऊन ते सर्वांत त्रासदायक जागी, म्हणजे बंदिस्त वाहनतळात किंवा गच्चीवर, दोन-तीन महिने अखंड जाळावेत. दोन महिन्यांचे अखंड जळणे म्हणजे सुमारे १,४४० तास. हलके ड्रायव्हर बहुधा एवढ्यात उघडे पडतात. दरपत्रकात वॅटऐवजी लुमेन, रंगछटा, पॉवर फॅक्टर, आयपी दर्जा, झटक्याचे संरक्षण आणि हमीचे तास मागावेत. दिवा लावताना त्याच्या मानेवर तारीख लिहून ठेवावी आणि एका वहीत नोंद करावी. ‘गेल्या वर्षीच लावला होता’ या तोंडी वादापेक्षा ही वही हमी मिळवताना अधिक उपयोगी पडते.

गेलेला दिवा काय सांगतो?

बंद पडलेला दिवाही माहिती देतो. पट्टीवरील एखाद्या चिपेवर काळा ठिपका असेल तर ती जळाली आहे. चिपा एकापुढे एक जोडलेल्या असल्याने एक गेली की सारी रांग विझते. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, असे होत असेल तर कपॅसिटर सुकल्याचा किंवा दिवा अति तापत असल्याचा संशय घ्यावा. बटण बंद केल्यावरही दिवा मंद मिणमिणत असेल तर दोष बहुधा दिव्याचा नसतो. बटणातील निर्देशक दिवा किंवा फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले बटण हे त्याचे कारण असते. दुसऱ्या प्रकारात दिवा बदलताना धक्का बसू शकतो, म्हणून ती जोडणी लगेच दुरुस्त करावी.

जळालेली चिप तारेच्या तुकड्याने जोडून दिवा ‘दुरुस्त’ करून देण्याचा उद्योग गल्लोगल्ली चालतो. दिवा लागतो खरा. पण उरलेल्या चिपांवर अधिक भार येतो आणि काही दिवसांत दुसरी जाते. याहून गंभीर बाब अशी की, अनेक बल्बमध्ये ड्रायव्हर मुख्य विजेपासून वेगळा केलेला नसतो. अशा दिव्याचे वरचे आवरण काढले की चिपांच्या उघड्या पट्टीवर थेट मुख्य विजेचा दाब असतो. आवरण फुटलेला किंवा निघालेला दिवा चालू स्थितीत होल्डरमध्ये राहू देणे, विशेषतः लहान मुलांचा हात पोहोचेल तेथे, हा जिवाशी खेळ आहे.

हमीच्या मुदतीत दिवा बदलून मिळत नसेल तर पावती आणि खोके जपून ठेवलेल्या ग्राहकाला मार्ग आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बनावट किंवा नोंदणी नसलेल्या मालाची तक्रार ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवरच करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागायची तर रायगड जिल्हा आयोग अलिबागला आहे. तक्रार ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. साठ रुपयांच्या बल्बसाठी कोणी अलिबाग गाठणार नाही हे उघड आहे. परंतु शे-दोनशे दिव्यांची खरेदी करणाऱ्या संस्थेला हा हक्क वापरण्यासारखा आहे.

पनवेल महानगरपालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये स्थापन झाली. जुन्या पनवेलच्या वाड्यांपासून खारघर, कामोठे, कळंबोलीच्या मनोऱ्यांपर्यंतचा परिसर तिच्या हद्दीत आहे आणि त्यात दरसाल नवे जिने, नवी वाहनतळे भर घालीत आहेत. या जागांमधील दिवे कोण निवडतो? बहुतेक ठिकाणी रविवारी सकाळी जमलेली पाच-सात सदस्यांची समिती, आणि तीही पाच मिनिटांत. त्या पाच मिनिटांत दराच्या शेजारी लुमेन, नोंदणी क्रमांक आणि हमीचे तास हे तीन रकाने आखले गेले, तर रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या रहिवाशाला जिन्यातील पायरी दिसेल आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत हा विषय कदाचित निघणारही नाही.